ट्रेडमिल, दोन गोण्या गहू आणि सकाळचा डबा

गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय चाललाय. ट्रेडमिल घ्यायची का?

सुरुवात माझ्या रिपोर्टने झाली. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) 6.1. म्हणजे 5.7 ते 6.4 च्या मधल्या पट्ट्यात, मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, रोज चाला. यावर सरळ माणूस बूट घालून बाहेर पडला असता. मी मोबाइल काढला आणि ट्रेडमिलचे भाव बघत बसलो.

जळगावात चालायला जागा नाही असं मी म्हणू शकत नाही. मेहरूण तलावावर पहाटे माणसंच माणसं असतात. पण माझ्याकडे कारण तयार होतं, ऊन. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, संध्याकाळी सातलासुद्धा डांबरातून वाफा येतात. राहिली पहाट, आणि पहाटेचं नि माझं लहानपणापासून पटत नाही. आईने एका वाक्यात निकाल लावला, "चालाले काय मशीन लागस का रे भाऊ?"

तरी मी भुसावळला साडूकडे गेलो, त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतलेली मशीन बघायला. मशीन होती. पट्ट्यावर गव्हाच्या दोन गोण्या एकावर एक. कोठी भरली आणि खाली ठेवलं तर ओल लागते, म्हणून तिथे. साडू अजिबात न लाजता म्हणाले, "100 किलोची क्षमता आहे हो, दोन गोण्या बरोब्बर बसतात."

घरी येऊन वाचलं तर आणखी गंमत. 1818 साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक काढलं. रिकामे बसू नयेत म्हणून कैद्यांनी त्यावर तासन् तास चढत राहायचं, आणि काही तुरुंगांत त्याच चाकावर धान्य दळलं जायचं. ट्रेडमिल हे नाव तिथलं. म्हणजे साडूंच्या घरी निदान गहू तरी तिच्यापर्यंत परत पोचला.

तरीही मी दुकानात गेलो. ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. मोटारीची ताकद विक्रेता छातीठोकपणे "चार एचपी" (हॉर्सपॉवर) सांगतो. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, चार म्हणजे जवळपास तीन हजार. घरातला साधा 6 अँपिअरचा प्लग 1,400 वॅटच्या आतच दम टाकतो. मग ही मशीन त्या प्लगवर चालते कशी? कारण तो आकडा 'पीक'चा असतो, क्षणभराचा. सलग किती, म्हणजे कंटिन्युअस किती, ते विचारा. मी विचारल्यावर पोरगा आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल सोडावं लागतं, ते कोण करणार? बिघडली तर माणूस जळगावातून येणार की पुण्याहून? आणि तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांशी संबंध कसे आहेत, तेही बघून घ्या.

किंमत 28,000. हप्त्यावर देतो म्हणाले. मी जवळजवळ हो म्हणून आलो होतो.

त्या रात्री बायकोला म्हटलं, तुलाही होईल की उपयोग. पोळ्या लाटता लाटता ती थांबलीच.

"अहो, मी त्यावर कधी चालणार, ते सांगा. पाचला उठते, पावणेसातला पोरांची बस, आठला तुमचा डबा. मशीन आली म्हणून पोळ्या आपोआप होणार आहेत का? मला यंत्र नको. सकाळचा एक तास द्या."

मी गप्प. दीड महिना मी मोटार, पट्टा, वॉरंटी सगळं तोलत होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. ही 150 मिनिटं मला घरात बसल्या मिळतात, मी ती मोबाइलवर घालवतो. तिला ती मिळतच नाहीत. 28,000 ला दुकानदार मला मिनिटं विकत नव्हता.

गुडघे गेलेत, एकटं बाहेर पडायची भीती वाटते, रात्रपाळी असते, अशांनी जरूर घ्यावी. माझ्यासारख्या धडधाकट माणसाने पहाटेचा आळस हप्त्यावर घेऊ नये, असं माझं मत झालंय. स्नायूंसाठी एक चटई आणि पाच-पाच किलोचे दोन डंबेल्स आणलेत. बाकी बैठका आहेतच, त्यांना प्लग लागत नाही.

सध्याची व्यवस्था अशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार डबे माझ्याकडे. ती शेजारच्या काकूंबरोबर मेहरूणला जाते, येताना दोघी जोरजोरात बोलत येतात, गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतं. मी रात्री जेवणानंतर अर्धा तास फिरतो. साखर काय म्हणते ते तीन महिन्यांनी कळेल.

परवा भेंडीत मीठ टाकायचं राहिलं, धाकट्याने अर्धा डबा परत आणला. पोळ्या जमतात, नकाशे असले तरी. पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तव्यावर टाकताना हमखास तुटते. कुणाकडे युक्ती असेल तर सांगा. ट्रेडमिलच्या ऑफर मात्र आता पाठवू नका.