स्टोनहेंज वैदिक नाही हो, आणि नागपूरजवळचं जुनापाणी त्याची नक्कलही नाही

जून आला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडातलं ते अवाढव्य दगडांचं प्राचीन वर्तुळ, ही मुळात आपल्या पूर्वजांनी बांधलेली यज्ञशाळा, इंग्रजांनी जगापासून लपवून ठेवली वगैरे, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी राहतो स्विंडनला, तिथून ते दगड गाडीने तासाभरावर, त्यामुळे मामा हमखास मलाच टॅग करतात, 'काय रे, तू तर बघून आलायस, खरंय नं?'

नाही मामा. आणि जे खरं आहे ते या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे.

ते एका दमात बांधलेलंच नाही. इ.स.पू. ३०००च्या सुमारास आधी नुसता गोल खंदक खणला, तोही हरणाच्या शिंगांनी, आणि कामं झाल्यावर ती शिंगं तळाशीच टाकून दिली म्हणून तर आज कार्बन डेटिंग करून काळ सांगता येतो. आत ५६ खड्डे, त्यात जाळलेल्या माणसांची हाडं. फोटोत दिसणारे मोठे दगड, सारसेन म्हणतात त्या टणक वालुकाश्माचे, त्यानंतर पाचशे वर्षांनी उभे राहिले, एकेक सरासरी पंचवीस टनांचा. वरचे आडवे दगड नुसते ठेवून दिलेले नाहीत, उभ्याच्या डोक्यावर दगडातूनच एक गुंडी कोरून काढलीय आणि आडव्याच्या पोटात तिच्या मापाचं भोक, म्हणजे सुताराने चौकट जोडावी तसं काम. एका उभ्या दगडावरचा आडवा पडून गेलाय, त्याच्या डोक्यावरची ती गुंडी लांबच्या पायवाटेवरूनही दिसते.

हे सारसेन आले कुठून? बहुतेक सगळे मार्लबरोजवळच्या वेस्ट वुड्समधून, पंचवीसेक किलोमीटरवरून, हे २०२० साली नक्की झालं. त्याची गंमत अशी की १९५८ मध्ये डागडुजी करताना तडा गेलेल्या एका दगडाला आरपार ड्रिल मारलं, त्यातून निघालेला दगडाचा दांडका कामावरच्या एका माणसाने आठवण म्हणून घरी नेला, पुढे अमेरिकेतही नेला, आणि नव्वदीला आल्यावर परत पाठवला. त्याच्याच तपासणीतून मूळ जागा सापडली. सरकारी ठेवा खिशात घालून नेणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही बरं का.

छोटे निळे दगड वेल्समधले, दोनशेहून जास्त किलोमीटरवरचे. मधला आल्टर स्टोन, म्हणजे वेदीचा दगड म्हणतात तोही वेल्सचाच असं शंभर वर्षं पुस्तकांत छापत होते, २०२४ मध्ये कळलं की तो स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडचा, सातशेहून जास्त किलोमीटर. वेल्समध्ये यावरून मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता कशासाठी बांधलं? जूनमधल्या सर्वात मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि डिसेंबरातल्या सर्वात लहान दिवसाचा सूर्यास्त, दोन्ही त्याच्या मुख्य रेषेवर येतात. पण शेजारच्या डरिंग्टन वॉल्स या त्याच काळातल्या वस्तीच्या जागी डुकरांची ढीगभर हाडं निघाली, त्यांचे दात सांगतात की बरीचशी हिवाळ्यात कापलेली, म्हणजे मोठी जत्रा बहुतेक डिसेंबरात भरत असावी. आपण उगाच सगळे जूनच्या मागे.

इंग्रजांचं कौतुक मात्र बेतानेच करा. १९६०च्या दशकात कार पार्कचं काम चालू असताना मोठमोठ्या लाकडी खांबांचे खड्डे सापडले, दहा हजार वर्षांपूर्वीचे, आणि तरी कार पार्क झालाच, खड्ड्यांच्या जागी पांढरे गोल रंगवले आणि कितीतरी वर्षं लोक त्यांच्यावर गाड्या लावत राहिले. बाजूच्या ए३०३ रस्त्यासाठी बोगदा करायचा वाद कोर्टात गेला, परवानगी रद्द झाली, पुन्हा मिळाली, शेवटी २०२४ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून सरकारने तो गुंडाळला. भावनांचे खटलेही होतात. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित, त्यांचा वारसा सांगणाऱ्या आजच्या ड्रुइडांपैकी एकाने उत्खननातली हाडं पुन्हा पुरा म्हणून कोर्ट गाठलं, २०११ मध्ये हरला. मुळात ड्रुइडांचा उल्लेख सापडतो तोच दगड उभे राहिल्यानंतर दोनेक हजार वर्षांनी, तरी 'आमचंच आहे' चालू.

आणि आपण नागपूरकर! काटोल रोडने निघालं की जुनापाणी, तिथे शिळावर्तुळं तीनशेच्या आसपास. एकोणिसाव्या शतकात रिवेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातली काही उकरली, दगडांवरचे वाटीसारखे खळगे बघून त्याला युरोपातले खळगे आठवले आणि दोन्हीकडच्या लोकांचं नातं जुळवायला निघाला. मामांचा फॉरवर्डच, फक्त उलट दिशेने. आपली वर्तुळं लोहयुगातली, स्टोनहेंजपेक्षा दीड हजार वर्षांनी तरी अलीकडची, आणि ती दफनं आहेत. गोल मांडायला नातं कशाला लागतं, मधोमध उभं राहून दोरी फिरवली की झालं.

मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा तिथे मी आणि दोन बकऱ्या. ग्रुपवर वाद घालायचाच तर यावर घाला नं राजेहो. नागपूरजवळच्याच माहूरझरीच्या वर्तुळांत घोडे पुरलेत, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. हे सगळं डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठ वगैरेंच्या लोकांनी उन्हातान्हात खणून काढलेलं. पण हे लोक राहत कुठे होते? दफनं ढिगाने आणि वस्त्या मोजक्याच सापडल्यात. जुनापाणीला संरक्षित स्मारक म्हणून कायद्याचा आधार तरी आहे, बाकी शिवारात, जिथे एखादी वस्ती अजून मातीखाली असेल, तिथे काटोल रोडच्या दोन्ही बाजूंनी लेआउट पडत चाललेत आणि प्लॉट पाडायच्या आधी कोणी पुरातत्त्ववाल्याला बोलवायची सक्ती नाही. इंग्लंडात मोठ्या बांधकामाआधी बिल्डरलाच स्वतःच्या खर्चाने खोदून बघायला लावतात, बिल्डर बोंबलतात पण करतात. तेवढा एक नियम आपल्याकडे यावा म्हणून कोणी फॉरवर्ड पाठवला तर मीही पंधरा ग्रुपवर टाकतो.