पाखरू घरात आलं म्हणून लगेच झाडू उचलू नका

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘सावधान!’ अशी सुरुवात आणि खाली दावे: दिव्यावर येणारे पतंग कपडे खातात, त्यांच्या पंखांची पावडर डोळ्यांत गेली की अंधत्व येतं, अळी चावली तर माणूस दगावतो, एक अळी पाळली की आवारातली सगळी झाडं संपतात, काळं पाखरू घरात शिरणं अशुभ. शेवटी सल्ला असतो की कोणी गॅलरीत दिवा लावून पतंग बोलावत असेल किंवा डब्यात अळ्या वाढवत असेल, तर सेक्रेटरीला कळवा आणि पेस्ट कंट्रोल करून घ्या. मुलुंडपासून दादरपर्यंत ओळखीच्या निदान चार ग्रुपांवर हा मेसेज पाहिला. त्यात थोडं खरं आहे, पण ते भलत्याच जागी चिकटवलेलं आहे.

आधी कपडे. कपडे खाणारे पतंग असतात, पण खातात त्यांच्या अळ्या, आणि त्याही लोकर, रेशीम, पिसं असलंच काहीतरी. हे पतंग तांदळाच्या दाण्याएवढे, फिकट रंगाचे, आणि उजेडापासून पळणारे. कपाट उघडलं की ते अंधाऱ्या कोपऱ्यात घुसतात. म्हणजे जो ट्यूबलाइटवर येऊन आपटतोय, तो तुमच्या शालीच्या मागावर नाहीच. अ‍ॅटलास या थोरल्या पतंगाला तर खायला चालणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. साड्यांना भोकं दिसली तर आधी कसर, म्हणजे तो चंदेरी बिनपंखी किडा, शोधा. आणि बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी हळूहळू सरकताना दिसते ना, ती मात्र पतंगाचीच अळी. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या त्या घरातून कधी इकडून, कधी तिकडून डोकं काढते आणि कोळिष्टकं, केस, धूळ खाते. तिच्यावर उपाय एकच, जळमटं काढणं.

पंखांची पावडर म्हणजे बारीक खवले. डोळ्यांत गेले तर चुरचुरतं, दम्याच्या माणसाला शिंका येतील, पण त्याने कोणी आंधळं होत नाही. डोळ्यांना खरा धोका आहे तो केसाळ सुरवंटाच्या केसांचा. तो केस बुबुळात रुतला तर डोळा सुजतो आणि दुखणं लांबतं. तेव्हा चोळत न बसता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मेसेजने नेमकं हेच सांगितलेलं नाही.

विषारी अळीचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण त्यामागे एक खरी घटना आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये बीडकडे उसाच्या फडात घोणस अळीचा त्रास होऊन काही शेतकरी दवाखान्यात गेले, आणि ‘चावली की खेळ खलास’ अशी अफवा राज्यभर पसरली. ही अळी चावत नाही. तिच्या अंगावरचे काटे टोचतात, त्यातलं द्रव्य कातडीत उतरतं आणि भयंकर आग होते. तिचीच भाईबंद असलेली, पोपटी अंगावर निळे पट्टे असलेली अळी मुंबईतल्या आंब्या-नारळांवरही सापडते. काटे टोचलेच तर चिकटपट्टी लावून उपटून काढा, साबणाने धुवा, बर्फ लावा. श्वास लागला किंवा सूज पसरायला लागली तर थेट डॉक्टर. शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्याने बसलेले केसाळ सुरवंटही हाताळायचे नाहीत. पण म्हणून प्रत्येक अळी विषारी नव्हे. काटे किंवा केस दिसले की हात मागे, एवढा एक नियम शाळकरी पोरांनाही पाळता येतो.

अळीचा पतंग होताना बघायची हौस असेल, तर घरात वाढवायला उत्तम ती तगरीवरची अळी. मुंबईत पूजेसाठी तगर दारोदारी लावलेली असते. झाडाखालच्या लादीवर मिऱ्यांएवढ्या, खाचा असलेल्या काळपट लेंड्या दिसल्या की बरोब्बर वरची फांदी बघायची. बोटाएवढी हिरवी अळी पानाला उलटी धरून असते. शेपटीवर एक शिंग, जे टोचत नाही, आणि डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे. डिवचलं की ती डोकं आत ओढते आणि ते खोटे डोळे मोठे होतात. डब्याला जाळीचं झाकण लावा, रोज ताजी तगरीचीच पानं द्या, लेंड्या काढा. पाणी वेगळं लागत नाही. डबा दमट राहिला तर बुरशी येते. हीच अळी कण्हेरीवरही वाढते, पण कण्हेर आपल्याला विषारी, त्यामुळे पानं तोडल्यावर हात धुवायचे. खाणं थांबवून, रंग तपकिरी होऊन ती सैरावैरा फिरायला लागली की तळाशी सुकी माती आणि पालापाचोळा टाका. तिथे ती कोष करते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी हिरवा-गुलाबी पतंग बाहेर येतो. त्याला पंख पसरायला उभी काडी लागते, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात. कधी कोषातून पतंगाऐवजी माशी निघते. ती अळीच्या आत वाढलेली परजीवी असते, तुमची काही चूक नसते.

आता ‘सगळी झाडं संपतात’. अळ्या खाण्याच्या बाबतीत बहुतेक करून हट्टी असतात. तगरीवरचीला तुमची मनीप्लँट दिली तर ती उपाशी मरेल. चार-पाच अळ्या खातील त्याहून जास्त पाला आपला माळी एका छाटणीत उडवतो. उलट रात्री फुलणारी मधुमालती आणि पपईची फुलं यांचं परागीभवन बरंचसं तगरीवरच्या पतंगाच्या कुळातल्या पतंगांवर चालतं. पतंगांकडून नुकसान होतच नाही असं मात्र कोणी सांगू नये. गुळवेलीवर वाढणारे काही पतंग मोठेपणी संत्र्या-मोसंब्यांना सोंड खुपसून रस पितात. नागपूरकडच्या बागायतदाराला विचारा, तो शिव्याच घालेल. पण मुंबईतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीला ते लागू होत नाही.

दिव्याबद्दलची तक्रार मात्र अर्धी मान्य. पतंगांना प्रकाशाचं वेड असतं असं आपण समजत होतो. 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की ते पाठ उजेडाकडे ठेवून उडतात, म्हणून दिव्याभोवती अडकून गरगरतात. तेव्हा पतंग बघायचे असतील तर दिव्यापाशी पांढरी चादर टांगून तास-दीड तास बघा, फोटो काढा आणि दिवा बंद करा. नाहीतर रात्री पाली आणि पहाटे बुलबुल मेजवानी करतात. दिव्याऐवजी सडलेलं केळं आणि काळा गूळ कालवून कठड्याला फासलं तरी काही पाखरं येतात. (शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा, मुंग्याही येतात.) बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून अळ्या उचलून आणणं मात्र बेकायदा आहे.

अशुभाबद्दल काय बोलायचं? पंखांवर घुबडासारखे डोळे असलेलं ते काळपट पाखरू दिवसा लपायला अंधारी जागा शोधतं आणि जिन्याचा कोपरा त्याला आयताच मिळतो. आणि ‘अळ्या पाळणं घाणेरडं’ म्हणणाऱ्यांनी गडचिरोली-भंडाऱ्यातले ढिवर समाजाचे लोक बघावेत. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवून त्यांची घरं चालतात.

राहिला पेस्ट कंट्रोलचा सल्ला. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बहुधा फुलपाखराची असते. नको असेल तर पानासकट उचलून खालच्या लिंबावर सोडा. फवारा मारलात तर तीच पानं पुढच्या आठवड्यात तुमच्याच फोडणीत पडणार आहेत.