गावात ऊन, तरी विमान रद्द कसं?

चतुर्थी जवळ आली की चाकरमान्यांची एकच ओरड: गावात लख्ख ऊन पडलंय आणि सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं विमान रद्द! पण तुमचं खळं, म्हणजे अंगण, खाली; धावपट्टी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. समुद्रावरून आलेला दमट वारा सड्याला अडला की वर चढतो, थंड होतो आणि ढग तिथेच धरतो. शिवाय ढगाची उंची मोजतात धावपट्टीपासून. समजा समुद्रसपाटीपासून ६०० फुटांवर ढग आहे आणि सडा २०० फूट उंच. मग वैमानिकाच्या वाट्याला उरले ४००.

हवामानाच्या संदेशात हे ‘बीकेएन००४’ असं येतं: आकाशाचा निम्म्याहून जास्त भाग झाकणारा ढग, ४०० फुटांवर. एवढं वाचता आलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

नुसत्या नजरेवर उतरायचं तर ५ किलोमीटर दिसायला हवं आणि ढग १५०० फुटांच्या वर. आषाढ-श्रावणात हे रोज कुठून आणायचं? आयएलएस, म्हणजे रेडिओच्या आधाराने विमान उतरवायची यंत्रणा, असेल तर एक रेडिओ-किरण धावपट्टीची मधली रेघ दाखवतो, दुसरा साधारण ३ अंशांचा उतार. त्याच्या साध्या प्रकारातही विमान २०० फुटांपर्यंत येऊ शकतं, ५५० मीटर दिसत असलं तरी. ठरलेल्या उंचीला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत की पॉवर देऊन वर जायचं. ‘अजून जरा खाली बघू’ हा प्रकार नाही.

‘मग घिरट्या घाला ना!’ घालतात की, पण इंधनाच्या हिशेबात. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं आणि त्यावर ३० मिनिटांचं राखीव, त्याला हात लावायचा नाही. सत्तरेक खुर्च्यांच्या एटीआर या छोट्या विमानात जादा इंधन भरलं की तेवढं वजन माणसांतून नाहीतर सामानातून कमी करावं लागतं. आणि तेच विमान परतीची माणसं घेऊन जाणार असतं, त्यामुळे एक फेरी बुडाली की दुसरीही गेली. चतुर्थीला विमानाने यायचंच असेल तर दोन दिवस आधीचं तिकीट काढा. आदल्या संध्याकाळचं काढून वर वैमानिकाला शिव्या घालणं मला तरी पटत नाही.

शिव्या घालायच्याच तर विमानतळासाठी मागण्या करणाऱ्यांना घाला. प्रत्येक निवेदनात नवीन शहराला जोडणी हवी असते. दिव्यांचं नाव कोणी काढत नाही. आयएलएसचा पुरता फायदा मिळायला धावपट्टीच्या अलीकडे ९०० मीटरपर्यंत दिव्यांची रांग लागते. ती तोकडी पडली की जास्त लांबचं दिसायला हवं, म्हणजे पुन्हा रद्द. आणि सडा जिथे तुटतो तिथे हे दिवे जमिनीवर नाही, उतारात उंच खांब रोवून त्यावर बसवावे लागतात. त्यासाठी कुंपणाबाहेरची जागा लागते.