कोल्हापूरचा इतिहास ‘नेटवर नाही’ हे खरं आहे का?

‘करवीर संस्थानाचा इतिहास नेटवर मिळत नाही. अस्सल कागद इंग्रजांनी लंडनला नेले, राहिलेले मोडी लिपीत आहेत, आणि जे मिळतं त्याला पैसे पडतात.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. तो वाचून गावाचा किंवा तालमीचा इतिहास लिहायला बसलेली मुलं शोध तिथंच सोडतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

‘नेटवर मिळत नाही’ असं वाटण्याचं मोठं कारण स्पेलिंगमध्ये आहे. आज आपण कोल्हापूर एकाच पद्धतीनं लिहितो. जुन्या इंग्रजी कागदांत शेवट कधी ‘पी-ओ-ओ-आर’, कधी ‘पी-ओ-आर-ई’ असा असतो, मधला एच गळतो, आणि सुरुवात कधी के-नं तर कधी सी-नं होते. मेजर ग्रॅहॅमचा संस्थानावरचा १८५४ चा अहवाल ‘कोल्हापूर’ या आजच्या स्पेलिंगनं शोधलात तर हुकण्याचीच शक्यता जास्त. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा २४ वा खंड (१८८६) पूर्णपणे कोल्हापूरवर आहे, पण त्याची अडचण वेगळी. तिथं दीर्घ ‘आ’साठी ए अक्षरावर तिरपी रेघ छापली आहे, आणि पान वाचणारं ओसीआर त्या अक्षराला सर्रास डी समजतं. ‘के-ओ-एल-एच-डी-पी-यू-आर’ असं चुकीचं स्पेलिंग मुद्दाम टाकून पाहा, सरळ शोधात न दिसलेली पानं वर येतात. ‘मराठा’ या शब्दालाही हीच युक्ती चालते.

ही दोन्ही पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथला साधा शोध फक्त शीर्षक आणि नोंदी चाळतो, पुस्तकाच्या आतला मजकूर पाहत नाही. शोधपेटीजवळ आतल्या मजकुरात शोधण्याचा पर्याय असतो, तो निवडायला हवा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची मराठी पुस्तकं तिथं रोमन लिपीत, तीही वेड्यावाकड्या शीर्षकांनी चढवलेली आहेत. म्हणून पूर्ण नाव न टाकता त्यातला एखादाच शब्द दोन-तीन स्पेलिंगांनी टाकावा. नोंदीतलं प्रकाशनवर्षही तसंच उचलू नये, मुखपृष्ठामागचं पान उघडून खात्री करावी. एकाच ग्रंथाच्या दोन-तीन प्रती असतील तर सगळ्या उघडा. एकीत गाळलेलं किंवा पुसट आलेलं पान दुसरीत सापडतं.

शब्द निवडतानाही काळाचं भान लागतं. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम ‘रिझर्वेशन’ शब्दानं शोधू नका. त्या काळच्या इंग्रजी मजकुरात ‘बॅकवर्ड क्लासेस’ आणि ‘व्हेकन्सीज’ हे शब्द येतात.

आता लंडन. इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याचे कागद तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत हे खरं. पण हिंदुस्थान सरकारच्या फॉरेन आणि पोलिटिकल खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी मोफत आहे. स्कॅन झालेली फाईल तिथंच उघडते. न झालेलीचं खातं, वर्ष आणि फाईल क्रमांक तरी हाती लागतो. १९३३ पर्यंत कोल्हापूरचा कारभार मुंबई सरकारमार्फत चाले, त्यानंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या हाताखालची डेक्कन स्टेट्स एजन्सी आली. तेव्हा १९३३ पूर्वीचा रोजचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावा. दिल्लीत वरपर्यंत गेलेली प्रकरणं मिळतात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणून त्यापुढचे कागद ‘संस्थान’ म्हणून न शोधता ‘कोल्हापूर जिल्हा’ म्हणून शोधावेत. आणि संस्थानाचं स्वतःचं दप्तर? ते कोल्हापुरातच, राज्याच्या पुराभिलेखागारात आहे. ‘सगळं लंडनला गेलं’ हे वाक्य तिथंच निकालात निघतं.

मोडीचा अडसर खरा आहे, पण सांगतात तेवढा मोठा नाही. बरंच साहित्य देवनागरीत छापलेलं आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात निघाले, आणि ते नेटवर वाचता येतात. कोल्हापूरवर पूर्वी राज्य केलेल्या शिलाहार घराण्याचे ताम्रपट व शिलालेख १९७७ साली एका खंडात प्रसिद्ध झाले, त्यात मूळ पाठही आहे.

आमच्या मते लिपीपेक्षा तारीख जास्त फसवते. पत्रात ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ दिसलं तर ते सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलं जाणारं वर्ष, ११३१: इहिदे एक, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतं. जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ आणि जानेवारी ते मेच्या पत्राला ६०० मिळवावे. सातारा आणि कोल्हापूरच्या छत्रपतींमधला वारणेचा तह १३ एप्रिल १७३१ चा, म्हणजे ११३१ अधिक ६००. फसली सन, म्हणजे महसुली हिशोबाचं वर्ष, सुहूरपेक्षा नवानं जास्त असतो. दोन्हींची गल्लत झाली की घटना नऊ वर्षं सरकते, आणि असे चुकलेले सन पुढच्या लेखांत जसेच्या तसे उतरत जातात.

पैशांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शिवाजी विद्यापीठातले अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे पुढच्या शोधाची तयार यादीच. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकाही तशाच.

त्या संदेशातलं एक मात्र मान्य करायला हवं. मोडी दप्तराचा मोठा भाग पाहायला आजही पुराभिलेखागारात जावंच लागतं. पण जाताना हातात गावाचं जुनं नाव, त्या वेळचा पेटा (तालुक्यासारखा विभाग) किंवा जहागीर, सुहूर आणि फसली दोन्ही सन, आणि गॅझेटियरातलं पान असू द्या. कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी या जहागिरींतलं गाव असेल तर ते आधी सांगा, म्हणजे कुठल्या दप्तरात पाहायचं हे तिथल्या माणसाला लगेच कळेल.