माश्यांका कसलो खर्च?

आज बाजारात आमच्या मधाची बाटली हातात घेऊन एक गिऱ्हाईक म्हणालं, "माश्यांका कसलो खर्च? फुलां फुकट, मध फुकट!" बाटली खाली ठेवली आणि चालू पडलं. घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

२०२५ चा मे आठवा. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस २५ मेलाच देवगडात हजर. त्याआधी अवकाळीने झोडपलं होतंच. जांभळीचा मध मधमाश्यांच्या पेट्यांतल्या चौकटींत होता, पण पिकलेला नव्हता. माशी पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी आटवते, मग वर मेणाचं झाकण घालते. तसल्या दमट हवेत ते कुठून जमणार? कच्चा मध काढला तर आंबतो, म्हणून हात लावला नाही. पावसात अडकलेल्या माश्यांनी तोच खाल्ला. पुढे पावसाळाभर त्यांना साखरेचा पाक. साखर फुकट मिळते?

तरी किंजळीच्या झाडाखालची पेटी त्या पावसात तगली होती हो. ती गेली आंब्याच्या मोहरात. सकाळी बघते तर दारात माश्यांचा खच. सोंडा बाहेर आलेल्या, पायांना पिवळा पराग तसाच, काही जागच्या जागी गरगरतायत. शेजारच्या बागेत सकाळपासून फवारणीचा पंप चालू होता.

मान्य, ढगाळ हवेत तुडतुडे नि थ्रिप्स या किडी मोहर खाऊन टाकतात, बागायतदारालाही कर्ज आहे. पण भर फुलोऱ्यात, माशी मोहरावर बसलेली असताना? फळ धरायला तीही लागते ना तुम्हाला?

आम्ही आमच्याकडून बदलतोय. पेट्या सावलीत नेल्या, वर झावळ्या घातल्या, उन्हाळ्यात ओलं गोणपाट. पोळ्यातली पिल्लं ३५ अंशांच्या आसपास वाढतात. त्याच्या वर तापलं की सातेरी, म्हणजे आमच्या पेटीतली देशी मधमाशी, पाणी आणत नि वारा घालत बसते, फुलांवर जाणार कधी? २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळापासून वादळाचा इशारा आला की आधी पेट्या दोरीने बांधतो. एवढं करून नाहीच मानवलं तर सातेरी राणीसकट उठून जाते.

किंजळीखालच्या पेटीबद्दल शेजारच्या बागवाल्या काकांना मात्र काही बोलले नाही. तौक्तेत आमची कौलं उडाली तेव्हा छपरावर पहिले तेच चढले होते. जीभ उचलत नाही.

म्हणून इथे सगळ्याच आंबेवाल्यांना सांगते. फुलं उमलली असताना फवारणी टाळा. नाहीच टळली तर दिवेलागणीला करा, माश्या घरी परतल्यावर. आणि आदल्या दिवशी मला फोन करा, पेट्या लांब हलवायला मी आणि भाऊ रात्रीसुद्धा येऊ.