मिठातला सोडियम पोटात पेट घेत नाही

‘पाकिटातलं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात पडला की पेटतो, क्लोरीन तर युद्धात वापरलेला विषारी वायू. त्यापेक्षा आगरातलं खडे मीठ खा, त्यात सोडियम नाही, नुसती नैसर्गिक खनिजं. आयोडीनसुद्धा केमिकलच!’ अशा आशयाचा मजकूर फोनाफोनी फिरतो. त्यातली सुरुवातीची वाक्यं खरी आहेत, म्हणूनच पुढचं खोटं पचून जातं.

सोडियम धातू सुरीने कापता येतो आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. त्याच्या अणूत आतून बाहेर कवचागणिक इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन टाकून द्यायची त्याला घाई, पाण्यातला भडका त्या घाईचाच. क्लोरीनची मांडणी 2, 8, 7. त्याला एक कमी पडतो आणि तो मिळेल तिथून ओढतो. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांत सैनिकांच्या फुप्फुसांची वाट लागली ती यामुळेच. मीठ होताना हा व्यवहार मिटतो. इलेक्ट्रॉन सोडियमकडून क्लोरीनकडे जातो, दोघांचे विरुद्ध भाराचे कण, म्हणजे आयन, होतात आणि स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड बसतात. पाण्यात हे आयन सुटे होतात खरे, पण गेलेला इलेक्ट्रॉन परत येत नाही. पेटणार काय?

पटत नसेल तर 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर, एक एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसं एका माळेत जोडा. ग्लासभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून शिसं एकमेकांना न टेकवता बुडवा. एलईडी लागेल. ऋण टोकाशी बुडबुडे येतील ते हायड्रोजनचे. मुद्दाम वीज सोडूनही मिठाच्या पाण्यातून सोडियम निघत नाही, पाणीच आधी फुटतं. धन टोकाशी क्लोरीनचा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत आटपा. शिसाऐवजी तांब्याची तार घेतलीत तर धन टोकाचं तांबं झिजून पाणी गढूळ होईल. घरातल्या प्लगला मात्र हा खेळ कधीच जोडू नका. हीच शिसं कोरड्या मिठात खुपसली तर एलईडी लागू नये, कारण तिथे आयन जागच्या जागी जखडलेले असतात. कोकणातल्या पावसाळ्यात तो मिणमिणतो, कारण मीठ ओलं असतं. आधी तव्यावर पाच मिनिटं परतून घ्या. सोडियम खरोखर हवा असेल तर मीठ वितळवून त्यातून वीज सोडावी लागते, आणि मीठ वितळतं 801 अंशांना.

आता खडे मीठ. पेण-उरण घ्या, नाहीतर 1930 च्या सत्याग्रहाचं शिरोडं. आगरात भरतीचंच पाणी आटवतात. लीटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त सोडियम क्लोराइड. पाणी आटत साधारण 13 अंश बोमेला (बोमे हे पाण्याची दाटी मोजायचं माप) आलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, खाली बसू लागतं, 25 च्या आसपास मीठ धरतं आणि 29-30 ला उरलेलं कडू पाणी काढून टाकावं लागतं. ते राहिलं की मिठात मॅग्नेशियम क्लोराइड उतरतं. मजकुरातली ‘नैसर्गिक खनिजं’ म्हणजे मुख्यतः हेच, पुन्हा धातू आणि क्लोरीनचं संयुग! त्यानेच मीठ कडवट लागतं आणि बरणीत पाणी सुटतं: शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेल्यावर ओलावतं, मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांनाच. मासे खारवायला खडे मीठ जरूर वापरा. पण खडा असो की पूड, शुद्ध मिठाच्या वजनात 39 टक्के सोडियम असतो. बीपी असलेल्याने खडे मीठ सढळ हाताने घालणं धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा, 5 ग्रॅमहून कमी, दोन्हींना सारखीच लागू आहे.

आयोडीन मिठात सुट्टं नसतं, पोटॅशियम आयोडेट म्हणून असतं. पोटॅशियम आणि आयोडेट हे आयन. आयोडेटच्या आत आयोडीन आणि ऑक्सिजन हे दोन अधातू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. दमट हवेत आयोडाइड या आयोडीनच्या दुसऱ्या क्षारातलं आयोडीन उडून जातं, आयोडेट टिकतं, म्हणून आपल्याकडे तेच घालतात. घरी पोचेपर्यंत किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन उरलं पाहिजे. गलगंड टाळायला तेवढं पुरतं. पाहायचं असेल तर बटाट्याच्या कापावर मीठ टाका, मिनिटभराने लिंबाचे दोन थेंब पिळा. निळं झालं तर आयोडीन आहे. लिंबू विसरलात तर चांगलं मीठसुद्धा पांढरंच राहील, कारण आम्लाशिवाय आयोडेटमधून आयोडीन सुटत नाही.