सुट्टी सगळ्यांची सारखी नसते

उन्हाळ्याच्या सुट्टीत जुळणाऱ्या किशोरवयीन प्रेमावरच्या विनोदी नाटकांत गरीब-श्रीमंत हा भेद केवळ गैरसमज वाढवण्यापुरता येतो, हे अशा नाटकांवरील एका लेखात वाचलेले निरीक्षण मला पूर्णपणे पटले; मात्र त्यावरून ‘हा विषयच आपल्या रंगभूमीला परका आहे’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तो मान्य होण्यासारखा नाही. निर्धन चारुदत्त आणि ऐश्वर्यात राहणारी वसंतसेना यांची कथा गोविंद बल्लाळ देवल यांनी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’वरून संगीत रंगभूमीवर केव्हाच आणली.

आमच्या बीड जिल्ह्यात तर अशा कथानकाला आयती भूमी आहे. दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात गावी परततात, आणि त्याच सुमारास पुण्याला शिकणारी, ऊसतोडीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची मुलगी सुट्टीला घरी येते. मुकादमाच्या घरी कूलरमध्ये पाणी भरायला येणारा तोडकऱ्याचा मुलगा, टाकी काठोकाठ भरलेली असतानाही, पुन्हा कळशी घेऊन दारात उभा राहतो आणि पाणी ओसरीवर वाहू लागते, तेव्हा प्रेक्षक मनापासून हसतील. ते पाणी टँकरचे आहे, हे त्याच्या आईच्या एका वाक्यातून कळले, की त्याच हसण्याला धार येईल.

शेवट गोड करायचा असेल तर जरूर करावा, परंतु मुलाच्या नावावर अचानक जमीन निघाल्याचे दाखवू नये. उचलीचा, म्हणजे मुकादमाने तोडणीआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब रंगमंचावर उघडपणे व्हावा आणि तो मुलीनेच आपल्या वडिलांना विचारावा.